दप्तरातलं काय राखायचं?

डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचे तेव्हाचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी एका कार्यशाळेत उघडपणे सांगितलं, की १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांचे कागद आपल्या संस्थेकडे नाहीत. हरितक्रांतीचेही नाहीत. केंद्राची मंत्रालयं आणि विभाग मिळून १५१. त्यांतल्या फक्त ३६ ठिकाणचे अभिलेख तिथे जमा झालेले. या कागदांना आग लागली नव्हती की पूर आला नव्हता. ते अभिलेखागाराकडे सोपवलेच गेले नव्हते. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं हे ठरवण्याचं काम ज्यांचं, त्यांच्या टेबलापर्यंत ते आलेच नाहीत.

सगळंच ठेवा, असं म्हणणं सोपं आहे, पण जगातलं कुठलंही सरकार सगळं ठेवत नाही. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार स्वतःच सांगतं, की सरकारी कामकाजात तयार होणाऱ्या कागदांपैकी जेमतेम १ ते ३ टक्के कायमचे राखले जातात. आणि सगळं ठेवलं तरी ज्या गोष्टीची यादी नाही ती असून नसल्यासारखीच, आणि यादी करायला माणसं लागतात. म्हणून निवड अटळ आहे. ती जाणत्या माणसांनी केली नाही तर वाळवी करते, गळकं छप्पर करतं, किंवा कार्यालयाच्या रंगकामासाठी खोली रिकामी करून हवी असलेला साहेब करतो. आपल्याकडे बव्हंशी निवड अशीच झालेली आहे. ती कशी व्हायला हवी यावर जगात दोनशेहून अधिक वर्षं विचार चालू आहे.

सुरुवात फ्रान्सपासून करावी लागते. जुलै १७९३मध्ये क्रांतिकारी सरकारने सरंजामी हक्कांचे दस्तऐवज जाळण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, जून १७९४च्या कायद्याने, उरलेल्या कागदांची छाननी करण्याची व्यवस्था बसवली: मालमत्तेच्या पुराव्याचे कागद वेगळे, इतिहास-कला-विज्ञानाला उपयोगी पडतील ते वेगळे आणि नष्ट करायचे ते वेगळे. कागद ठेवण्याची कारणं एकाहून जास्त असू शकतात, हे त्या छाननीत पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत आलं. पुढे अनेक देशांनी एक साधी रेघ ओढली, की अमुक वर्षाआधीचं काहीही नष्ट करायचं नाही. इंग्लंडमध्ये ही रेघ आधी १७१५ होती, ती १८९८मध्ये १६६०वर गेली. भारताच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३मध्ये ती १८९२ची आहे. त्याआधीचा कागद अगदीच निकामी झाला असल्याचं महासंचालकांचं मत झाल्याशिवाय तो नष्ट करता येत नाही. ही रेघ उपयोगी आहे, पण खरा पसारा विसाव्या शतकातला, आणि त्याच्याबाबतीत ती काहीच सांगत नाही.

विसाव्या शतकातला मोठा वाद दोन माणसांच्या नावांनी ओळखला जातो. इंग्लंडचे हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२च्या आपल्या पुस्तकात म्हटलं, की अभिलेखपालाने निवडीला हात लावू नये. कागद ज्या कार्यालयात जन्मले त्या कार्यालयानेच आपल्या गरजेपुरते ठेवावेत. अभिलेखपाल निवड करू लागला, की त्याच्या काळाच्या आवडीनिवडी त्या संग्रहात उतरतात आणि कागदांचा निष्पक्षपणा जातो. अमेरिकेचे टी. आर. शेलेनबर्ग यांच्यासमोर मात्र न्यू डील आणि दुसऱ्या महायुद्धातून उसळलेला कागदांचा महापूर होता. त्यांनी १९५६मध्ये दोन प्रकारची मूल्यं मांडली. पहिलं मूल्य कार्यालयाच्या स्वतःच्या कामाचं: हिशेब, कायदा, कारभार. दुसरं इतरांसाठीचं, म्हणजे ती संस्था कशी चालली याचा पुरावा, आणि माणसं, जागा, घटना यांच्याबद्दलची माहिती. हे दुसरं मूल्य कार्यालयाला दिसत नाही, म्हणून ते अभिलेखपालानेच जोखायला हवं.

या वादाची कसोटी मराठी वाचकाला पुण्यातच पाहता येते. पेशवे दप्तर टिकलं ते इतिहासप्रेमापोटी नव्हे. १८१८नंतर इंग्रजांना जमिनीचा महसूल आणि इनामं यांचा निकाल लावायचा होता. इनाम कमिशनचं काम सुरू झाल्यावर तर कोणाची सनद खरी आणि कोणाची बनावट हे ताडून पाहायला जुने ताळेबंद आणि रोजकीर्दी हव्याच होत्या. त्या गरजेतून सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांभाळले गेले. १९३०च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसायांनी त्याच रुमालांतून निवडक पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले. म्हणजे कार्यालयाने आपल्या गरजेसाठी राखलं आणि पुढे इतिहासाच्या कामी आलं, असा जेन्किन्सनच्या बाजूचा पुरावा इथे मिळतो.

पण तेवढ्यावर थांबलं तर चित्र अर्धंच राहतं. इनामांच्या तपासणीला जे उपयोगी ते जपलं गेल्यामुळे पुण्याच्या दप्तरात हिशेबांचा भाग प्रचंड आहे. राजकारणाचा पत्रव्यवहार मात्र बराचसा सरदारांच्या आणि मुत्सद्द्यांच्या घरी राहिला. नाना फडणिसांचं दप्तर मेणवलीला होतं. त्या कागदांची सरकारला गरज नव्हती, म्हणून त्यांना सरकारी छप्परही मिळालं नाही. वि. का. राजवाडे गावोगाव वाड्यांची माळवदं आणि पेटारे धुंडाळत हिंडले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघू लागले, ते याच कारणाने. दप्तर ज्या हेतूने राखलं जातं, त्या हेतूच्या मापाचाच इतिहास त्यातून निघतो. जेन्किन्सनना जो निष्पक्षपणा कार्यालयाच्या हाती सुरक्षित वाटत होता तो तिथेही नसतो, एवढं पेशवे दप्तरावरून मला स्पष्ट दिसतं.

शेलेनबर्ग यांच्यानंतरचा विचार थोडक्यात सांगता येईल. जर्मनीचे हान्स बूम्स यांनी १९७२मध्ये म्हटलं, की इतिहासकाराच्या किंवा नोकरशाहीच्या नजरेपेक्षा त्या काळातल्या समाजाला काय महत्त्वाचं वाटत होतं ते निवडीचं माप असावं. अमेरिकेच्या हेलन सॅम्युएल्स यांनी १९८६मध्ये दाखवून दिलं, की आजची कुठलीही घटना एका संस्थेच्या कागदांत मावत नाही, म्हणून अनेक संस्थांनी मिळून ठरवलं पाहिजे. कॅनडात टेरी कुक यांनी १९९०च्या दशकात उलट टोकाने सुरुवात केली: एकेक फाइल उघडत बसू नका, कुठल्या खात्याचं कुठलं काम नागरिकांच्या आयुष्याला भिडतं ते आधी ठरवा, आणि शासन व नागरिक यांची गाठ जिथे पडते तिथले कागद शोधा.

सॅम्युएल्स यांचं म्हणणं मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतीत किती खरं आहे, ते पाहण्यासारखं आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाचे कागद कुठे असतील? काही कामगार आयुक्तालयात, काही पोलिसांकडे, काही युनियनच्या कचेऱ्यांत, काही वर्तमानपत्रांत, आणि फार मोठा भाग गिरण्यांच्याच टाइम ऑफिसात. बहुतेक गिरण्या खासगी, आणि बंद पडलेल्या कंपनीचं मस्टर कोणी जपावं हे सार्वजनिक अभिलेखांचा कायदा सांगत नाही. पुढे गिरणी कामगारांना घरं देण्याची योजना आली तेव्हा १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर आपण पटावर होतो, हे कामगाराला सिद्ध करावं लागलं. तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती असं जे घरच्या ट्रंकेत सापडेल ते घेऊन म्हातारी माणसं आणि त्यांच्या विधवा रांगेत उभ्या राहिल्या. मालकाचं मस्टर कुठेतरी सार्वजनिक ताब्यात आलं असतं तर हा सगळा भार त्या ट्रंकेवर पडला नसता.

इथे प्रश्न इतिहासापलीकडे जातो. कागद राखण्याची चर्चा बहुतेक वेळा संशोधकांच्या सोयीची चर्चा होते, पण सर्वांत जास्त झळ बसते ती आपला हक्क सिद्ध करू पाहणाऱ्या सामान्य माणसाला. शाळेचं जनरल रजिस्टर घ्या. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. अनुक्रमांक, मुलाचं नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा असे रकाने. मास्तरांनी ते भरलं हजेरीसाठी आणि दाखल्यासाठी. आज जात पडताळणी समितीसमोर तीच वही निर्णायक पुरावा ठरते, कारण समिती ठरावीक तारखांच्या आधीची नोंद मागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं, महसुली पत्रकं बाहेर निघाली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. मराठा आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, ज्या तालुक्यात त्या वह्या टिकल्या तिथल्या माणसाला निदान दावा मांडता आला. जिथे त्या उंदरांनी खाल्ल्या तिथल्या माणसाचा काहीच दोष नसताना त्याचे हात रिकामे राहिले.

ब्रिटनमध्ये हेच विंडरश प्रकरणात घडलं. कॅरिबियन बेटांवरून १९५० आणि ६०च्या दशकांत आलेल्या लोकांची बंदरावर भरलेली लँडिंग कार्डं गृहखात्याने २०१०मध्ये नष्ट केली. काही वर्षांनी नियम कडक झाले आणि अर्धशतक तिथे राहिलेल्या माणसांकडे ‘तुम्ही कधी आलात ते दाखवा’ अशी मागणी सुरू झाली. २०१८मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा गृहखात्याचं म्हणणं असं होतं, की कार्डावरून फक्त येण्याची तारीख कळते, सलग वास्तव्य नाही. पण अनेकांना नेमकी तीच तारीख हवी होती. नष्ट करण्यामागे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचंही कारण दिलं गेलं होतं आणि ते कारण मी हलकं मानत नाही. आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायद्याखाली १८७१पासून माणसांच्या नावांच्या याद्या झाल्या. तो कायदा १९५२मध्ये गेला. अशा याद्या माणसाला पिढ्यानपिढ्या डागतात. तरीही त्या जाळाव्यात असं मला वाटत नाही, कारण राज्याने काय केलं याचा तोच पुरावा आहे. त्या राखाव्यात आणि दीर्घ मुदतीसाठी बंद ठेवाव्यात. उघडं करणं आणि नष्ट करणं यांच्या मधला हा रस्ता आपल्या कार्यालयांत फार कमी वापरला जातो.

आता महाराष्ट्राच्या कार्यालयांत काय होतं ते पाहू. प्रकरण निकाली निघालं की कारकून त्यावर वर्ग टाकतो: ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ ३० वर्षं, ‘क-१’ १० वर्षं, ‘क’ ५ वर्षं आणि ‘ड’ १ वर्ष. मुदत संपली की निंदणीकरण, म्हणजे नको ते कागद वेगळे काढून नष्ट करणं. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५चा आहे. केंद्राच्या कायद्यात बेकायदा नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि राज्याच्या कायद्यातही कैदेची तरतूद आहे. माहिती अधिकाराच्या अपिलांत फाइल ‘गहाळ’ निघाली की माहिती आयुक्त याच कायद्याचा आधार घेतात. व्यवस्था कागदावर वाईट नाही. तिचं दुखणं असं, की वर्ग ठरतो तो कार्यालयाच्या गरजेवरून, आणि तो ठरवतो सर्वांत कनिष्ठ माणूस, प्रकरण ताजं असताना. पंचवीस वर्षांनी कोणी जाणत्याने पुन्हा पाहावं, ही पायरी केंद्राच्या कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये १९५४च्या ग्रिग समितीने अशीच दोन टप्प्यांची तपासणी सुचवली होती, पहिली लवकर आणि दुसरी पंचवीस वर्षांनी. दुसऱ्या तपासणीपर्यंत अंतर पडलेलं असतं, म्हणून नजरही बदललेली असते. तालुक्याच्या पातळीवर ही दुसरी नजर कोणाची, याचं उत्तर आपल्याकडे नाही.

१९७२च्या दुष्काळातल्या कामांचं मस्टर हे माझ्या मते या दुखण्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. खडी फोडायला, नालाबांध घालायला आलेल्या मजुरांची नावं, गाव, कामाचे दिवस, मापं, मजुरी आणि शेवटच्या रकान्यात अंगठा. कार्यालयाच्या दृष्टीने हे पैसे दिल्याचं व्हाउचर. हिशेब तपासणी झाली की काम संपलं. पण भूमिहीन बाईचं नाव सरकारी कागदावर, तिच्या स्वतःच्या कामासाठी, तिच्या स्वतःच्या अंगठ्यासह, आणखी कुठे लिहिलं गेलं असेल? सातबाऱ्यावर ती नाही. शाळेच्या रजिस्टरात बहुधा नाही. पुढे ज्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, त्या अनुभवाचा तिच्या बाजूचा पुरावा एवढाच.

अशी मस्टरं सगळीच ठेवता येणार नाहीत, हे मान्य. मग नमुना कसा घ्यायचा? दर शंभरातलं एक ठेवा, ही संख्याशास्त्राच्या दृष्टीने नीट पद्धत आहे. त्यातून सरासरी मजुरी काढता येते. पण एका गावाचं, एका घराचं काय झालं ते कधीच कळत नाही. नवरा एका मस्टरवर, बायको दुसऱ्यावर, आणि त्यांतलं एकच उरलेलं. माझं मत असं, की अशा कागदांसाठी प्रत्येक जिल्ह्यातला एक तालुका पूर्णपणे राखावा आणि बाकीच्यांचे गोषवारे ठेवावेत. न्यायालयांच्या कागदांबाबत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या दाव्यांच्या अभ्यासातून १९७९च्या सुमारास आणखी एक सूत्र पुढे आलं, ते म्हणजे जाड फाइल ठेवा. जिथे वाद चिघळला तिथे कागद वाढतात आणि इतिहासालाही तेच हवं असतं. याला मर्यादा आहे. गरिबाचा दावा वकिलाअभावी पहिल्याच तारखेला संपतो आणि त्याची फाइल पातळच राहते. म्हणून जाड फाइलीच्या जोडीला नमुना हवाच.

कागद न पाहता केलेली निवड कशी फसते, हे एफबीआयच्या फाइलींनी दाखवलं. १९७०च्या दशकात क्षेत्रीय कचेऱ्यांच्या फाइली नष्ट करायला अमेरिकी अभिलेखागाराने मान्यता दिली ती एफबीआयच्या शब्दावर, फाइली उघडून न पाहता. संस्था आणि नागरिक न्यायालयात गेले. १९८०मध्ये न्यायाधीश हॅरल्ड ग्रीन यांनी नाश थांबवला आणि अभिलेखपालांना प्रत्यक्ष फाइली वाचून आराखडा करायला लावला. ज्या खात्याच्या कारभाराची झडती त्या कागदांतून होऊ शकते, त्याच खात्याने कागद निरुपयोगी असल्याचं सांगावं आणि ते मान्य व्हावं, ही गोष्ट अमेरिकेपुरती नाही. वसाहती सोडताना ब्रिटिशांनी निवडक कागद जाळले आणि निवडक मायदेशी नेले. केनियातल्या माऊ माऊ बंडातल्या छळाचा खटला लंडनमध्ये उभा राहिला, तेव्हा २०११मध्ये हॅन्स्लोप पार्क इथे ३७ जुन्या वसाहतींच्या हजारो फाइली निघाल्या.

नाश अटळ असेल तर नाशाची नोंद तरी राहिली पाहिजे. गोव्याच्या इन्क्विझिशनचे बहुतेक खटले आज उपलब्ध नाहीत. हे न्यायासन १८१२मध्ये बंद झालं आणि त्याचं दप्तर गोव्यात उरलं नाही. पण जुआंव देल्गादु फिगेइरा या इन्क्विझिटरने १६२३मध्ये तोवरच्या सुमारे ३,८०० खटल्यांची सूची करून ठेवली होती. ती लिस्बनला टिकली. त्या एका हस्तलिखितामुळे कोणावर, कुठल्या आरोपाखाली खटले झाले याचा अंदाज आज बांधता येतो. फाइल गेली तरी सूची राहिली, म्हणून आपण काय गमावलं एवढं तरी आपल्याला मोजता येतं. आपल्या कार्यालयांतली आवक-जावक नोंदवही, प्रकरणांची नोंदवही आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी ही तिन्ही मी डोळे झाकून ‘अ’ वर्गात टाकीन, मग मूळ प्रकरणं कुठल्याही वर्गाची असोत.

संगणकावरच्या कागदांनी प्रश्न सुटला, असा एक समज आहे. जागा स्वस्त झाली, हे खरं. पण ई-ऑफिसातली नस्ती पंचवीस वर्षांनी उघडेल का, तिच्यावरची सही खरी ठरेल का, हे पाहण्यासाठी फाइलींचे प्रकार वेळोवेळी बदलत राहावं लागतं, आणि ते काम फक्त निवडलेल्या गोष्टींसाठीच होतं. ईमेलसाठी अमेरिकेने २०१३मध्ये कॅपस्टोन नावाची पद्धत आणली. तिच्यात पत्राऐवजी पदावरून निवड होते. वरिष्ठांच्या खात्यातलं सगळं कायमचं, खालच्यांचं मुदतीपुरतं. ती राबवायला सोपी आहे. पण नागरिकाशी गाठ पडते ती खालच्यांचीच, आणि टेरी कुक यांनी नेमकी तीच जागा शोधायला सांगितली होती. आपल्याकडे त्याहून तातडीची अडचण वेगळी आहे: आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सुटतात आणि नस्तीवर फक्त परिणाम उरतो. जे नस्तीत कधी आलंच नाही, त्याचा वर्ग कोण ठरवणार?

या सगळ्या आढाव्यातून मला एक गोष्ट ताबडतोब करण्यासारखी दिसते, आणि तिला फार पैसाही लागत नाही. अमेरिकेत कुठलंही खातं कागद नष्ट करण्याचा आराखडा मांडतं तेव्हा त्याची सूचना राजपत्रात येते आणि लोकांना हरकत घेता येते. २०१७मध्ये स्थलांतरितांच्या कोठड्यांतले मृत्यू आणि लैंगिक अत्याचार यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचा प्रस्ताव आला. हजारो हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२१मध्ये न्यायालयाने म्हटलं, की अभिलेखागाराने त्या हरकतींचा नीट विचारच केला नव्हता. महाराष्ट्रात निंदणीकरणाची यादी कार्यालयातच तयार होते आणि कार्यालयातच मंजूर होते. ती नाशाच्या तीन महिने आधी तहसील कचेरीच्या फलकावर, ग्रामपंचायतीत आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावावी. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला आणि स्थानिक इतिहास मंडळाला एक प्रत जावी. आणि हरकत आलेला गठ्ठा पुराभिलेख संचालनालयाच्या माणसाने उघडून पाहिल्याशिवाय रद्दीत जाऊ नये.